पदवीचें वचन आणि औषधाचें रूप

पदवीदान-समारंभ हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मंडप माणसांनीं फुलून गेलेला असतो. कुलपति, कुलगुरु व अधिष्ठाते मिरवणुकीनें व्यासपीठाकडे येतात. स्नातकांचीं नांवें पुकारलीं जातात. आणि हातांत पडलेल्या एका कागदानें आईबापांच्या अनेक वर्षांच्या कष्टांचें चीज झालें असें वाटतें. ह्या आनंदास कोणी नांवें ठेवूं नयेत. परंतु त्या दिवशीं विद्यापीठ नेमकें काय देतें, आणि घेणारा त्याच्या बदल्यांत कशास बांधला जातो, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

अशा समारंभांत विद्यावाचस्पति ही वरिष्ठ पदवी मिळविणारांनीं एखाद्या विषयावर स्वतंत्र संशोधन करून प्रबंध लिहिलेला असतो. त्या विषयांचीं नांवें पुष्कळदां इतकीं अवघड असतात कीं, ऐकणारा नुसता मान डोलावतो. "औषधांच्या स्फटिकरूपांची विद्राव्यता" हा अशाच विषयांपैकीं एक. नायगांवच्या बाजारास आलेल्या एखाद्या शेतकऱ्यानें हें नांव ऐकून "याचा आम्हांला काय उपयोग?" असें विचारिलें, तर त्याचा प्रश्न मुळींच अनाठायीं नाहीं. त्याचें उत्तर असें कीं, हा विषय त्याच्याच घरांतील आजाऱ्याच्या उशाशीं ठेवलेल्या गोळीचा आहे. आणि ती गोळी व तो समारंभ हीं दोन्हीं एकाच पायावर उभीं आहेत. तो पाया म्हणजे विश्वास. हें कसें, तें क्रमानें पाहूं.

विद्या संपादन केलेल्या शिष्यास संसारांत पाठवितांना चार शब्द सांगण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत अध्ययन पुरें झालेल्या शिष्यास गुरूनें केलेला उपदेश आहे. आजच्या स्वरूपाचा पदवीदान-समारंभ मात्र इंग्रजी विद्यापीठांच्या धर्तीवर आपल्याकडे आला. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ सालीं त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. ह्यांपैकीं रानडे न्यायाधीश व समाजसुधारक म्हणून, आणि भांडारकर संस्कृत पंडित म्हणून, सर्व देशास माहीत आहेत. परंतु त्यांची कीर्ति पदवीनें झाली नाहीं. पदवीनंतर त्यांनीं जें केलें त्यानें झाली.

दुसरें उदाहरण ह्याहून हृदयस्पर्शी आहे. ११ मार्च १८८६ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, आनंदीबाई जोशी ह्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कल्याणांत जन्मलेली, विशींतली एक मराठी मुलगी समुद्रापलीकडे जाऊन वैद्य झाली, ती केवळ कागदासाठीं नव्हे. आपल्या देशांतील बायकांस स्त्री-वैद्याच्या हातून औषधपाणी मिळावें म्हणून. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकहि झाली होती. परंतु क्षयानें त्यांस गांठलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांस मिळालेली पदवी रोग्याच्या अंथरुणापाशीं पोंचण्यापूर्वींच काळानें त्यांना नेलें, ह्याचीच खंत आजहि मनास लागून राहते. ह्यावरून हें दिसतें कीं, पदवीचें सार्थक समारंभांत होत नाहीं. तें ज्याच्यासाठीं ती घेतली त्या माणसापाशीं होतें.

आपल्या मराठवाड्यास स्वतःच्या विद्यापीठाचा मान फार उशिरां मिळाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानाचें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें. परंतु तें दूर हैदराबाद शहरीं, आणि तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू. घरीं मराठी बोलणाऱ्या नांदेडकडील मुलास उच्च शिक्षण हवें असल्यास आधीं परक्या भाषेचा डोंगर चढावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपली. १९५० सालीं नांदेड येथें पीपल्स कॉलेज निघालें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबाद येथें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. पुढें त्याचें विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ ह्या दिवशीं, म्हणजे बरोबर मुक्तिदिनीं, नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ मिळालें. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी व पेशानें शिक्षक असलेले स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) ह्यांचें नांव त्यास देण्यांत आलें, आणि डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले कुलगुरु झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे ह्या विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. विष्णुपुरी येथील त्याच्या आवारांत औषधनिर्माणशास्त्राचेंहि एक संकुल आहे. नायगांव नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथील मुलीस आतां प्रयोगशाळेंत काम करून त्याच दिवशीं घरीं परत येतां येतें. जेथें पूर्वीं परका मुलूख आडवा येत होता तेथें आज फक्त एस. टी. चा प्रवास उरला आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. समारंभांत अधिष्ठाता आपल्या शाखेच्या स्नातकांस पुढें आणतो, आणि विद्यापीठाच्या वतीनें त्यांस पदवी प्रदान केली जाते. हें सर्व चार लोकांदेखत होतें, हीच त्यांतील मुख्य गोष्ट आहे. पदवी ही खासगी देणगी असती तर ती टपालानेंहि धाडतां आली असती. पण ती एक जाहीर ग्वाही आहे. विद्यापीठ समाजास सांगतें कीं, "ह्या माणसास अमुक विषय समजतो; त्याच्या शब्दावर तुम्हीं विसंबावें." औषधाच्या बाबतींत तर ह्या ग्वाहीस कायद्याचाहि आधार आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणें वैद्याच्या चिठ्ठीवरून औषध तयार करण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्यासच आहे, आणि ती नोंदणी होण्यास ठराविक पदविका किंवा पदवी लागते. आपण दुकानांत जाऊन गोळ्यांची पट्टी मागतों तेव्हां ती उघडून तपासण्याची विद्या आपल्यापाशीं नसते. आपल्या वतीनें ती तपासणी कोणीतरी केली आहे, ह्या भरंवशावर आपण ती तोंडांत टाकतों.

त्या पट्टीवर काय लिहिलेलें असतें? औषधाचें नांव आणि त्याचें वजन. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅम. एवढ्यानें सर्व कळलें असें आपणांस वाटतें. पण एक गोष्ट त्या पट्टीवर सहसा नसते, आणि पुष्कळदां रोग्याचें बरें होणें न होणें तिच्यावरच अवलंबून असतें. ती म्हणजे औषधाचें स्फटिकरूप.

स्फटिक म्हणजे काय, हें स्वयंपाकघरांतच पाहतां येईल. साखरेचा दाणा, मिठाचा खडा, तुरटी हे सर्व स्फटिकच. त्यांतील रेणु, म्हणजे पदार्थाचे अतिसूक्ष्म कण, सैन्यांतील शिपायांप्रमाणें ठराविक रांगांनीं उभे असतात. ह्याच्या उलट लिमलेटच्या पारदर्शक गोळीतहि बहुतेक साखरच असते, पण तींत रेणूंस रांग नसते. जत्रेंतील गर्दीप्रमाणें ते कसेही दाटलेले असतात. अशा पदार्थास अस्फटिक म्हणतात. पावसाळ्यांत ती गोळी ओलावा धरून चिकट होते, साखरेच्या दाण्याचें तितकें होत नाहीं. पदार्थ तोच, पण रचना निराळी, म्हणून वागणूक निराळी. येथें एक सावधगिरी घ्यावी. खडीसाखर आणि पिठीसाखर ह्यांत फरक आहे तो केवळ खड्याच्या आकाराचा. आंतील रचना दोहोंत एकच. आपण येथें बोलत आहों तें आंतील रचनेविषयीं.

कांहीं पदार्थ असे आहेत कीं, त्यांचे रेणु एकाहून अधिक प्रकारच्या रांगांनीं उभे राहूं शकतात. ह्या गुणास बहुरूपता म्हणतात. आपल्याकडे दारीं येणारा बहुरूपी एके दिवशीं फौजदार होतो, दुसऱ्या दिवशीं वैद्य. पण त्याचें सोंग वरवरचें असतें, आंतील माणूस बदलत नाहीं. स्फटिकाचें उलट आहे. त्याचें नांव व घटक तेच राहून आंतील मांडणीच बदलते. पेन्सिलींतील शिसें म्हणून आपण ज्यास ओळखतों तें ग्राफाइट, आणि राजाच्या मुकुटांतील हिरा, हीं दोन्हीं शुद्ध कार्बनच होत. एकानें कागदावर लिहितां येतें, दुसऱ्यानें कांच कापतां येते. मुलांस ह्याहून जवळचें उदाहरण चॉकलेटचें. त्यांतील कोको-लोण्याचीं सहा स्फटिकरूपें प्रसिद्ध आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत वितळून पुन्हां थिजलेलें चॉकलेट पांढुरकें व भुसभुशीत लागतें, ह्याचें कारण तें खराब झालें हें नसून, त्यांतील लोण्यानें दुसरें रूप धरिलें हें असतें. अशा प्रकारची बहुरूपता सेंद्रिय पदार्थांत प्रथम व्होलर व लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं १८३२ सालीं बेंझामाइड ह्या पदार्थांत पाहिली. आपल्या ओळखीच्या पॅरासिटामॉलचींहि अनेक रूपें आहेत. बाजारांत जें येतें तें पहिलें, स्थिर रूप. दुसऱ्या रूपांत रेणूंचे सपाट थर एकावर एक घसरूं शकतात, म्हणून त्याची गोळी सहज दाबली जाते. परंतु तें टिकाऊ नाहीं.

आतां विद्राव्यतेचा प्रश्न. गिळलेली गोळी पोटांत जाते म्हणजे औषध शरीरांत गेलें, असा आपला समज असतो. वस्तुतः पोट व आंतडें ही एक लांब नळी आहे. तिच्या आंत असलेली वस्तु अजून शरीराच्या रक्तप्रवाहाबाहेरच आहे. गोळी फुटून तिच्यांतील औषध आंतड्यांतील रसांत विरघळलें पाहिजे, मग त्याचे सुटे रेणु आंतड्याच्या भिंतींतून रक्तांत शिरतात. जें विरघळलें नाहीं तें आल्या वाटेनें पुढें निघून जातें, आणि रोगी औषध घेऊनहि औषधावांचून राहतो. म्हणून दोन गोष्टी महत्त्वाच्या: औषध किती विरघळतें, आणि किती वेगानें विरघळतें. वेगाचा नियम नॉयेस व व्हिटनी ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १८९७ सालीं मांडला. पदार्थाचा पृष्ठभाग जितका अधिक तितका तो लौकर विरघळतो, हें पुढें त्याच नियमाच्या विस्तारांतून स्पष्ट झालें. खडीसाखरेपेक्षां पिठीसाखर दुधांत झटकन विरघळते ती ह्यामुळेंच.

परंतु भुकटी कितीही बारीक केली तरी शेवटीं किती विरघळावें ह्याची मुख्य मर्यादा स्फटिकरूप घालून देतें. ह्याचें कारण एका साध्या दृष्टांतानें कळेल. कंधारच्या किल्ल्याच्या भिंतींत घडीव दगड एकमेकांस घट्ट बसविले आहेत. त्यांतील एक दगड काढावयाचा तर पहार लागते. शेताच्या बांधावर रचलेल्या दगडांतून एक दगड पोरगाहि उचलून नेतो. स्फटिकांतहि असेंच. ज्या रूपांत रेणु एकमेकांस अधिक घट्ट धरून असतात तें रूप स्थिर. पाण्यास त्यांतून रेणु ओढून काढणें कठीण, म्हणून तें कमी विरघळतें. ज्या रूपांत पकड सैल, तें अधिक विरघळतें. पण तें अस्थिर, कारण संधि मिळतांच तें ढासळून घट्ट रूपाकडे जाऊं पाहतें. औषध बनविणारांपुढील सारी अडचण ह्या एका वाक्यांत आहे: जें रूप रोग्याच्या उपयोगी पडतें तें टिकत नाहीं, आणि जें टिकतें तें विरघळत नाहीं. ह्यांत भर म्हणजे, पदार्थ प्रथम गोठतांना पुष्कळदां अस्थिर रूपच आधीं प्रगट होतें, व स्थिर रूप मागाहून येतें, असें ओस्टवाल्ड ह्या शास्त्रज्ञानें त्याच १८९७ सालीं दाखवून दिलें. तें "मागाहून" म्हणजे एक घटका असेल, किंवा कित्येक वर्षेंहि असतील.

हें केवळ पुस्तकी नाहीं, ह्याचीं तीन उदाहरणें देतों.

पहिलें विषमज्वराचें. क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध १९४७ सालीं सांपडलें, आणि ज्या विषमज्वरानें घरेंच्या घरें उजाड होत त्यावर तें रामबाण ठरलें. पण तें इतकें कडू कीं, लहान मुलें तें थुंकून टाकीत. म्हणून त्याचें पामिटेट नांवाचें बेचव संयुग करून तें पातळ औषधांत मिसळूं लागले. आंतड्यांतील पाचकरस ह्या संयुगाचे तुकडे करितात व मूळ औषध मोकळें होतें. पुढें असें आढळलें कीं, ह्या संयुगाचीं 'अ' आणि 'ब' अशीं निरनिराळीं स्फटिकरूपें आहेत. 'ब' रूप पाजलें असतां रक्तांत औषध भरपूर उतरतें. 'अ' रूप पाजलें असतां जवळजवळ उतरतच नाहीं. आणि दोहोंत स्थिर तें 'अ'. अग्वियार ह्या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६७ सालीं हें प्रयोगानें सिद्ध केलें. तेव्हांपासून औषधकोशांनीं ह्या औषधांत 'अ' रूप किती चालावें ह्याची मर्यादा घातली. विचार करा: बाटलीवर नांव बरोबर, वजन बरोबर, आईनें घड्याळ लावून चमचा बरोबर पाजला, आणि तरीहि ज्वर उतरूं नये! दोष आईचा नाहीं, मुलाचा नाहीं. दोष रेणूंच्या रांगेचा. आज ह्या औषधाचा वापर पुष्कळ कमी झाला आहे, पण त्यानें शिकविलेला धडा कायम आहे.

दुसरें उदाहरण रिटोनाव्हिर ह्या औषधाचें. एड्स ह्या रोगावरील हें औषध अ‍ॅबट ह्या अमेरिकन कंपनीनें १९९६ सालीं बाजारांत आणिलें. तेव्हां त्याचें एकच स्फटिकरूप ठाऊक होतें. दोन वर्षें सर्व सुरळीत चाललें. १९९८ सालीं अचानक त्याच्या कॅपसूल विरघळण्याच्या परीक्षेंत नापास होऊं लागल्या. तपास करितां दिसून आलें कीं, त्यांत पूर्वीं कोणींच न पाहिलेलें दुसरें रूप तयार झालें आहे. तें अधिक स्थिर, आणि म्हणून पुष्कळच कमी विरघळणारें. एकदां तें अवतरल्यावर मग जेथें जेथें त्याचा कण पोंचला तेथें तेथें जुनें रूप तयार होईनासें झालें. हें कसें होतें, तें आपल्या भागांतील साखर कारखान्यांत काम केलेल्यास लगेच कळेल. उसाचा रस आटवून दाट झाला म्हणजे त्यांत साखरेची बारीक भुकटी बीज म्हणून सोडतात, आणि त्या बीजाभोंवतीं दाणे धरूं लागतात. डोळ्यांस न दिसणारा कणहि बीजाचें काम करूं शकतो. शेवटीं त्या कॅपसूल मागे घ्याव्या लागल्या. ज्या रोग्यांचें जीवित त्या औषधावर होतें त्यांस कांहीं काळ बेचव नव्हे, तर अत्यंत वाईट चवीचें पातळ औषध प्यावें लागलें. १९९९ सालीं नवी कृति निघाली तेव्हां ती अडचण दूर झाली. पुढें काळजीपूर्वक परिस्थिति राखून जुनें रूपहि पुन्हां मिळवितां आलें. हेंच रिटोनाव्हिर २०२१ सालापासून करोनावरील एका औषधाच्या जोडीनें दिलें जाऊं लागलें.

तिसरें उदाहरण आपल्या घरांतील फडताळाशीं संबंध ठेवतें. कार्बामाझेपिन हें औषध अपस्मार, म्हणजे फेंफरें, ह्या विकारावर देतात. हवेंतील ओलावा लागला म्हणजे त्याच्या स्फटिकांत पाण्याचे रेणु शिरतात आणि निराळेंच जलयुक्त रूप बनतें. गोळी टणक होते व नीट विरघळत नाहीं. दमट जागीं ठेवलेल्या अशा गोळ्यांचा गुण एक-तृतीयांशापर्यंत कमी होऊं शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें १९९० च्या सुमारास दिला होता. रोज गोळी घेणाऱ्या मुलास अचानक झटका येतो, तेव्हां आपण दैवास किंवा डॉक्टरास बोल लावतों; पण कदाचित् ती गोळी सारा पावसाळा न्हाणीघराच्या कोनाड्यांत उघडी पडलेली असेल. म्हणून पालकांस विनंति आहे कीं, गोळी घेण्याच्या वेळेपर्यंत ती पट्टींतून काढूं नये; औषधें न्हाणीघरांत, चुलीजवळ किंवा खिडकींत उन्हांत ठेवूं नयेत, कोरड्या व थंड जागीं ठेवावींत; आणि वैद्यास किंवा औषधनिर्मात्यास विचारल्यावांचून कोणतीहि गोळी कुटून वा फोडून देऊं नये.

असें असल्यास आपण निर्धास्त कसें राहावें? ह्यासच पदवीधरांची गरज आहे. औषधाची भुकटी क्ष-किरणांपुढें धरली असतां प्रत्येक स्फटिकरूप आपली निराळी रेषाकृति देतें. अंगठ्याच्या ठशावरून जसा माणूस, तसें तीवरून रूप ओळखतां येतें. तयार गोळी शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापवलेल्या द्रवांत टाकतात. पुष्कळदां तो द्रव ९०० मिलिलिटर असतो व त्यांत मिनिटास ५० किंवा ७५ फेरे घेणारें वल्हें फिरत असतें. ठराविक मिनिटांत ठराविक भाग विरघळला तरच ती गोळी पास होते. रिटोनाव्हिरचें संकट उघडकीस आलें तें ह्याच परीक्षेमुळें. अशा कसोट्या औषधकोशांत लिहिलेल्या असतात. स्वतंत्र भारताचा पहिला औषधकोश १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. औषधाची विद्राव्यता वाढविण्याचे मार्गहि संशोधक शोधीत असतात: कोणी त्याचा क्षार करितो, कोणी अस्फटिक रूप स्थिर राखण्याचा यत्न करितो, कोणी दुसऱ्या निरुपद्रवी पदार्थाच्या जोडीनें सह-स्फटिक घडवितो. रेणूंच्या मांडणीचा आधींच विचार करून हवा तसा स्फटिक घडविण्याच्या शास्त्रास स्फटिक-अभियांत्रिकी म्हणतात. ह्या शास्त्रावर १९८९ सालीं प्रसिद्ध झालेला महत्त्वाचा ग्रंथ गौतम देसिराजू ह्यांनीं लिहिला. ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असून त्यांचें पुष्कळ संशोधन हैदराबादेस झालें. ज्या हैदराबादेस आपल्या आजोबांच्या पिढीस परक्या भाषेंतील पदवीसाठीं जावें लागे, त्याच नगरींत हें काम झालें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर पुरें झालें. प्रयोगशाळेंत कोणी चार वर्षें बसून एका पांढऱ्या भुकटीचीं रूपें न्याहाळतो, हें रिकामपणाचें काम नव्हे. तापानें फणफणलेल्या मुलास पाजलेला चमचा त्याच्या रक्तांत उतरेल कीं नाहीं, हें ठरविण्याचें तें काम आहे. मग पदवीदानाच्या मंडपांत त्याचें नांव पुकारलें जातें तेव्हां त्याच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी येतें तें जितकें योग्य, तितकेंच त्या मंडपाबाहेरील अनोळखी माणसाचेंहि त्या पदवीवर हक्क सांगणें योग्य आहे. कारण विद्यापीठानें ग्वाही दिली ती त्या अनोळखी माणसास.

विद्यार्थिमित्रहो, औषधाच्या पट्टीवर नांव व वजन असतें. पदवीच्या कागदावरहि नांव व श्रेणी असते. दोन्हीं ठिकाणीं जें लिहिलेलें असतें तें खरें असूनहि पुरेसें नसतें. आंतील रचना कशी आहे, आणि गरजेच्या ठिकाणीं ती वस्तु विरघळून उपयोगीं पडते कीं नाहीं, ह्याची परीक्षा वेगळीच होते, व ती समारंभानंतर होते. तुमच्यापैकीं कोणी उद्यां नांदेडास किंवा लातुरास औषधनिर्माणशास्त्र शिकावयास जाल. कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी शेतीचे जाणकार व्हाल. त्या वेळीं प्रयोगाच्या वहींत खोटा आंकडा लिहून गुण मिळविण्याचा मोह झाला, तर हें ध्यानांत आणा कीं, त्या आंकड्याच्या दुसऱ्या टोकास कोणीतरी आजारी पडलेलें आहे, आणि तें तुमच्या भरंवशावर निजलें आहे. तें वचन ज्यास पाळतां येईल त्यानेंच पदवीसाठीं हात पुढें करावा. आणि तें पाळण्याची तयारी आजपासून, शाळेच्या बाकावरूनच, करावी.